जीपीएस असताना जुनी दीपगृहे जतन करण्यावर पैसा का खर्च करावा?

हाच प्रश्न माझे मेहुणे दर गणपतीत, आरती आटोपून पाने मांडली की, माझ्या वडिलांना विचारत असत. मेहुणे व्यापारी जहाजावर अधिकारी आणि वडील कोकण किनाऱ्यावरच्या एका दीपगृहावर लाईटकीपर. वडील हसून वरणभात कालवू लागत, म्हणून उत्तर मी देतो.

जीपीएसचे संकेत अडवता येतात, खोटे संकेत पाठवून जहाजाला चकवताही येते; किनाऱ्यावरची बत्ती तांडेलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. परंतु एवढ्याने जुनी दीपगृहे वाचत नाहीत, कारण बत्तीचे काम साध्या लोखंडी मनोऱ्यावरचा एलईडी दिवाही करतो. खरा वाद, निदान आमच्या घरातला, जतन नेमके कशाचे करायचे याबद्दल आहे.

आमच्या दीपगृहाचे भिंग फ्रेनेलच्या पद्धतीचे, म्हणजे काचेच्या लोलकांची वर्तुळे पितळी चौकटीत बसवलेले होते. ते भिंग पाऱ्याच्या कुंडात तरंगत असल्यामुळे दोन टनांचा तो डोलारा बोटाने ढकलला तरी फिरे. एरवी तो मनोऱ्याच्या पोटात लोंबणाऱ्या वजनाच्या जोरावर, घड्याळासारख्या यंत्राने फिरत असे. दिवसा पडदे ओढून ठेवावे लागत, नाहीतर त्याच भिंगातून ऊन एकवटून आग लागण्याची भीती. दिवाळीनंतरच्या एका वादळी रात्री त्या यंत्राचे दातेरी चाक तुटले. नुसता दिवा जळत ठेवून भागत नाही. दोन झोतांमधल्या वेळेच्या अंतरावरून खलाशी दीपगृह ओळखतो, आणि ते अंतर चुकले तर त्याला ते दुसरेच दीपगृह वाटून जहाज खडकावर जाऊ शकते. वडिलांनी भिंग हाताने फिरवायला घेतले, मी गजराच्या घड्याळाकडे पाहत सेकंद मोजू लागलो आणि ताई मला झोप लागली की चिमटा काढी. उजाडल्यावर वडिलांनी नोंदवहीत लिहिलेल्या वेळांपुढे शेरा एवढाच होता: ‘यंत्र बंद. दिवा चालू.’

पुढे नवा दिवा बसला. भिंग उतरवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी लोलक गोणपाटात भरले, त्यांतले कित्येक फुटले, आणि नोंदवह्या रद्दीत गेल्या. मनोऱ्याला मात्र अजूनही वेळच्या वेळी रंग मिळतो. मेहुण्यांच्या मते यालाच जतन म्हणतात. माझ्या मते हे मखर सजवून गणपती विसरणे आहे.

खांदेरीचेच पाहा. १६७९ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या किल्ल्यावर इंग्रजी अमलात, १८६७ साली, दीपगृह उभे राहिले. २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्याचे कौतुक योग्यच आहे. पण तिथला दिवा दीड शतक कोणी आणि कसा पेटता ठेवला, हे विचारणारा पर्यटक मला अद्याप भेटलेला नाही. १९२७च्या दीपगृह कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१च्या कायद्यात ‘वारसा दीपगृह’ घोषित करण्याची आणि त्याचा शिक्षण, संस्कृती व पर्यटनासाठी विकास करण्याची तरतूद आहे. या तिन्हींतले पर्यटन तेवढे शिल्लक राहील, अशी मला भीती वाटते. तुमच्या गावी असे काही होणार असेल, तर जिना आणि कठड्याआधी भिंग, यंत्र आणि नोंदवह्या यांची यादी मागा.

एक मान्य केले पाहिजे. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि वडील तो पारा बंद खोलीत मऊ कातड्यातून हातांनी गाळत असत, तेव्हा पारा काढून टाकला हे योग्यच झाले. भिंग न फिरवताही जपता आले असते.

गेल्या गणपतीत मेहुण्यांनी प्रथमच विचारले की त्या रात्री भिंग किती तास फिरवले होते. मी सात म्हणालो, ताई पाच म्हणाली. वडील आता नाहीत, आणि नोंदवहीही नाही.