गीझर टाकीवाला की टँकलेस (टाकीशिवाय, वाहतं पाणी तिथल्या तिथे तापवणारा), आधी थंडीचा हिशोब करा

टँकलेसच्या बॉक्सवर मिनिटाला 18 लिटर लिहिलंय म्हणून भुलू नका, तो आकडा बहुतेक वेळा पाणी 25 डिग्रीनं तापवायचा असतो, तुमच्याकडे हिवाळ्यात नळाला 5 डिग्रीचं पाणी येतंय आणि शॉवरला 40 हवं म्हणजे 35 डिग्री चढवायचेत, तोच हीटर मग जेमतेम 13 लिटर देणार, दोन शॉवर एकदम लावले की दोघंही कुडकुडणार. मी तरी टाकीवालाच घेईन. थर्मोस्टॅट 60 वर ठेवा (कमी ठेवलं तर लिजिओनेला या कोमट पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूची भीती), भाजू नये म्हणून गरम पाण्यात थंड मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा. टाकीतला जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवाच, जुना परत बसवू देऊ नका. आणि टाकी भरून गरम नळाला सलग धार येईपर्यंत स्विच लावायचा नाही, कोरडं एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) लगेच जळतं.