नांगराला लागलेला तोफगोळा

प्रश्न : बेळगाव तालुक्यात गडाच्या पायथ्याशी आमचे वडिलोपार्जित शेत आहे. यंदा नांगरटीत एक लोखंडी गोळा, शिशाच्या काही गोळ्या आणि तांब्याचे एक नाणे वर आले. भाच्याने मेटल डिटेक्टर मागवला असून सगळे शिवार धुंडाळायचे तो म्हणतो. गोळा घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवावा, असा घरच्यांचा बेत आहे. तो योग्य आहे का?

उत्तर : आधी गोळ्याविषयी. 1818 मध्ये इंग्रज सेनानी थॉमस मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या काळच्या तोफखान्यात भरीव गोळ्यांबरोबर दारू ठासलेले पोकळ गोळेही असत. आपल्या गोळ्यावर वातीचे भोक किंवा गंजाने बुजलेला खळगा दिसत असेल, तर त्याला हात न लावता, ठोकून वा तापवून न पाहता 112 वर पोलिसांना कळवावे.

गोळा भरीव ठरला तरी घासण्याची घाई नको. जमिनीतले क्षार वर्षानुवर्षे लोखंडात मुरलेले असतात. वस्तू बाहेर आली की हवा आणि दमटपणा मिळून आतून नवा गंज चढतो, नारिंगी थेंब पाझरतात आणि पापुद्रे सुटू लागतात. बेळगावच्या पावसाळ्यात तर हे फार झपाट्याने होते. शिवाय मूळ पृष्ठभाग, साच्याच्या सांध्याची बारीक रेघ असे सारे या गंजाच्या थरातच टिकून असते आणि तारेच्या ब्रशाने ते कायमचे जाते. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरपूर कोरडे सिलिका जेल (ओलावा शोषून घेणारे दाणे) घालून गोळा ठेवावा आणि जेल ओलावले की बदलावे. क्षार काढण्यासाठी वस्तू महिनोन्‌महिने अल्कधर्मी द्रावणात ठेवावी लागते. ते काम प्रयोगशाळेचे आहे. घरच्या टबात वीज सोडून गंज काढण्याचे जे प्रयोग दाखवले जातात, त्यांत स्टेनलेस स्टीलचे तुकडे वापरले तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरते, हे सहसा कुणी सांगत नाही.

शिशावरचा पांढुरका थर त्याचे रक्षण करतो, तो राहू द्यावा. शिशाच्या गोळ्या लाकडी पेटीत ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे झिजते. त्या हाताळल्यावर हात धुवावेत. नाण्याला चिंच लावू नये. त्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर ते वेगळे आणि कोरडे ठेवावे.

भाच्याला मात्र आवरावे. शेत आपले असले तरी जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंना कर्नाटकाचा 1962 चा निखात निधी कायदा लागू होतो, म्हणून सापडलेल्या वस्तूंची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या 100 मीटरच्या आत तर खणण्याचा विचारही करू नये. कोणती वस्तू कुठे, किती खोलीवर आणि कशाशेजारी मिळाली, याची नोंद आजच करावी. कारण मारा कोणत्या बाजूने झाला, हे शिशाच्या गोळ्यांच्या विखुरण्यावरून कळते, एकट्या गोळीवरून नाही.

प्रश्न : भीमगडावर मेटल डिटेक्टर नेता येईल का? (खानापूर तालुक्यातील वाचक)

उत्तर : नाही. भीमगड अभयारण्यात आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीवाचून प्रवेशच नाही, मग खणणे दूरच. खानापूरच्या जांभ्यात लोह इतके असते की साधे यंत्र एरवीही पावलोपावली नुसतेच वाजत राहील.