मिनी भारी की कॅडिलॅक?

प्रश्न : दादा, मी आणि माझा भाऊ जुन्या गाड्यांचे वेडे. तो म्हणतो १९५९ ची कॅडिलॅक एल्डोरॅडोच खरी गाडी, मला त्याच वर्षीची मिनी आवडते. पॉवर बघितली तर मी हरतोच, पण तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : पॉवरवर वाद घालूच नकोस रे, तिथे भाऊ जिंकणार! एल्डोरॅडोला ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३४५ हॉर्सपॉवर, आणि मिनीचं इंजिन ८४८ सीसी, जेमतेम ३४ हॉर्सपॉवर, म्हणजे सरळ दहापट फरक. पण कॅडिलॅक पावणेसहा मीटरच्या आसपास लांब आणि वजन दोन टनांच्या वर, मिनी तीन मीटरची आणि साधारण ६०० किलोची, मग टनामागे पॉवर काढलीस की दहापटीचा फरक तिपटीच्याही खाली येतो.

आणि मिनीचं खरं डोकं तर पुढेच आहे. १९५६ च्या सुएझ संकटात, म्हणजे सुएझ कालवा बंद पडला तेव्हा, ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून ही गाडी आली, तिचा डिझायनर अ‍ॅलेक इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली तेलाच्या टाकीत घातला, पुढची चाकं ओढायला लावली, १० इंची चाकं दिली, त्यामुळे एवढ्याशा गाडीत चार माणसं नीट बसतात. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं बघ. शिवाय मिनी कूपरने, म्हणजे मिनीच्याच जास्त ताकदीच्या मॉडेलने, १९६४, ६५ आणि ६७ ला मोंटे कार्लो मोटार रॅली मारली, हे भावाला नक्की सांग.

लांब सरळ रस्त्यावर मी कॅडिलॅक घेईन, वळणावळणाच्या घाटात मात्र मिनीच.