परतीचे शिखर दिसत नाही तेव्हा

प्रश्न : मी एका सेंद्रिय संयुगाच्या क्षपणाचा चक्रीय व्होल्टॅमेट्रीने (इलेक्ट्रोडचा विभव एका दिशेने नेऊन परत आणताना प्रवाह मोजण्याच्या पद्धतीने) अभ्यास करतो आहे. विभव सेकंदाला ०.१ व्होल्ट या वेगाने बदलला असता जाताना शिखर मिळते, परतताना काहीच मिळत नाही. इलेक्ट्रॉन स्वीकारून तयार झालेले रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील कण) लगेच पुढच्या अभिक्रियेत संपत असावे. डिफरन्शियल पल्स पद्धतीने त्या अभिक्रियेचा वेगस्थिरांक काढता येईल का?

उत्तर : त्या पद्धतीची शिफारस मी करणार नाही. अत्यल्प प्रमाणातील पदार्थ ओळखण्यासाठी ती उत्तम आहे; परंतु तिच्यात दोन प्रवाहांमधील फरक तेवढा नोंदला जातो आणि रॅडिकल शिल्लक आहे की नाही, हे थेट तपासले जात नाही. आपल्याला दुहेरी स्पंदाची, म्हणजे विभवाच्या लागोपाठ दोन अल्पकालीन टप्प्यांची, गरज आहे. पहिल्या स्पंदात विभव इतका ऋण ठेवावा की प्रवाह केवळ विसरणाने (रेणू द्रावणातून इलेक्ट्रोडकडे पसरत येण्याच्या वेगाने) मर्यादित होईल, आणि लगेच दुसऱ्या स्पंदात तो इतका धन करावा की इलेक्ट्रोडजवळ उरलेल्या प्रत्येक रॅडिकलचे पुन्हा ऑक्सिडीभवन होईल.

दोन्ही स्पंदांचा कालावधी समान ठेवून प्रत्येकाच्या शेवटी प्रवाह मोजला, तर टिकाऊ उत्पादितासाठी परतीच्या व जाण्याच्या प्रवाहांचे गुणोत्तर ०.२९३ येते. सपाट इलेक्ट्रोडवर हा आकडा संहती, क्षेत्रफळ किंवा विसरणांक यांवर अवलंबून नसतो, आणि म्हणूनच मला तो फार मोलाचा वाटतो. रॅडिकल संपू लागले की गुणोत्तर घटते; पुढची अभिक्रिया प्रथम कोटीची (वेग रॅडिकलच्या संहतीच्या समप्रमाणात असणारी) असेल आणि तिचे उत्पादित या विभवांना निष्क्रिय असेल, तर ही घट वेगस्थिरांक व स्पंदकाल यांच्या गुणाकारावरच ठरते. त्यामुळे एका मोजमापावर विसंबू नये. स्पंदकाल १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंत कमी करत न्यावा आणि प्रत्येक वेळी तोच स्थिरांक येतो का, ते पाहावे. संहती बदलल्यावर गुणोत्तर बदलले, तर दोन रॅडिकल एकमेकांशी जुळत असण्याची शक्यता आधी तपासावी.

परतीचे शिखर नसणे हा जलद अभिक्रियेचा पुरेसा पुरावा नाही, हेही ध्यानात ठेवावे. इलेक्ट्रॉन-हस्तांतरण मुळातच मंद असेल, तर परतीचा प्रवाह बराच दूरच्या विभवाला मिळतो आणि तेथवर विभव नेला नाही तर तो निसटतो.

स्पंद किती आखूड करता येईल, याची मर्यादा द्विस्तराच्या (इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागाशी जमणाऱ्या प्रभारांच्या थराच्या) धारितेमुळे येते. द्रावणाचा रोध १०० ओहम आणि धारिता १ मायक्रोफॅरड असेल, तर कालस्थिरांक ०.१ मिलिसेकंद होतो; धारितेचा प्रवाह एक टक्क्याखाली जाण्यास त्याच्या पाचपट, म्हणजे ०.५ मिलिसेकंद लागतात. त्यापूर्वी घेतलेले माप विश्वासार्ह नसते. अशा मांडणीत वेगस्थिरांक सेकंदाला सुमारे १००० पर्यंत असेल, तरच तो नीट मोजता येतो. त्यापुढे सूक्ष्म इलेक्ट्रोड वापरावा. चकतीची त्रिज्या जितकी कमी, तितकाच कालस्थिरांकही कमी होतो. मात्र उपकरणाचा स्वतःचा प्रतिसादही तितकाच जलद हवा. प्रत्येक स्पंदकालासाठी संयुगाविना त्याच द्रावणाचे माप घेऊन ते वजा करावे.

एवढे करूनही परतीचा प्रवाह मिळाला नाही, तर नॉर्मल पल्स पद्धतीत (दर वेळी आधीपेक्षा मोठा एकेक स्पंद देऊन प्रवाह मोजतात) मिळणाऱ्या तरंगाचा अर्धतरंग विभव, म्हणजे प्रवाह कमाल मर्यादेच्या निम्मा होतो तो विभव, पाहावा. इलेक्ट्रॉन-हस्तांतरण जलद असेल, तर एका इलेक्ट्रॉनच्या क्षपणात स्पंदकाल दसपट केल्यावर हा विभव २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३० मिलिव्होल्टने धन बाजूस सरकतो. परंतु त्यावरून वेगस्थिरांक काढण्यासाठी मूळ जोडीचा (संयुग व त्याचे रॅडिकल यांचा) प्रमाण विभव स्वतंत्रपणे ज्ञात असावा लागतो.