वर्दी उतरल्यावर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वर्षअखेरीस तुझी अग्निवीराची चार वर्षं संपतील, सेवा निधीचे साधारण ११ लाख ७१ हजार हाती येतील. त्यातून टॉवेलचे जुने माग घ्यावेत का, असं तू विचारतोस. घेऊ नकोस, निदान पहिलं वर्षभर तरी नाही. का नाही, हे सांगायचं तर मला माझ्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल. ती तुझ्या आजोबांच्या बाबतीत घडली, म्हणून तुला सांगायलाच हवी.

मी १९६७ साली मंगळवेढ्याजवळच्या गावातून भरती झालो. सिकंदराबादला ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलात, गाड्यांची दुरुस्ती शिकलो. १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर वर्कशॉपमध्ये होतो. १९८४ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याच्या शेडमध्ये चार माग टाकले. तिथल्या विणकरांची भाषा, तेलुगू, बोलता येत होती, यंत्राची भीती नव्हती. एवढ्यावर कारखाना चालतो, अशी माझी खात्री होती.

तुझे आजोबा माझे पहिले विणकर. टर्की टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. तळाच्या कापडाचा बीम ताणलेला आणि दुसरा सैल. त्या सैल धाग्यांचेच लूप उभे राहतात आणि टॉवेल पाणी टिपतो. मला ती ढिलाई बिघाड वाटली. एका रात्री मी तो बीम कसून टाकला. सकाळी आजोबांनी काही न बोलता तो पुन्हा सैल केला, वीतभर कापड विणून माझ्या हातात दिलं आणि कांडी बदलायला गेले.

तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं. नाही आलं. पुढच्या श्रावणात मुंबईच्या व्यापाऱ्याचा माल अडला होता आणि नारळी पौर्णिमा आली. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. मला हे माहीत असूनही मी फर्मान काढलं की शेड चालू राहील. सकाळी एकही माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा आले, शेडची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले.

तीन दिवसांनी मी तुमच्या घरी गेलो. आजीनं पाणी दिलं. आजोबा म्हणाले, "मार्कंडेय आमचे मूळपुरुष. त्या दिवशी आम्ही मागाला हात लावत नाही. तुम्ही आठ दिवस आधी विचारलं असतं, तर रात्रपाळी करून माल पुरा करून दिला असता."

सतरा वर्षं हुकूम घेण्यात आणि देण्यात गेली होती. विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आजोबा सोमवारी कामावर आले आणि पुढे हात थकेपर्यंत माझ्याकडेच राहिले. नंतर उद्योजकांच्या संघटनेत लोकांनी मला दोनदा अध्यक्ष केलं. मजुरीची बोलणी असली की मी आदल्या दिवशी चार शेडमध्ये जाऊन बसायचो. ती सवय त्या घरातून आली.

आता पैशाचं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरून येणाऱ्या स्वस्त पॉलिस्टर ब्लँकेटांनी तिचं गिऱ्हाईक खाल्लं. मी स्वतः चादरीचे माग विकून टॉवेलवर राहिलो. उद्या टॉवेलचंही तसंच होऊ शकतं, म्हणून सगळी रक्कम लोखंडात अडकवू नकोस. सूत रोखीनं घ्यावं लागतं आणि माल उधारीवर जातो. इथले बरेच कारखाने या दोन्हींच्या मधल्या महिन्यांत बुडाले, माग उत्तम चालत असताना बुडाले. निम्मे पैसे खेळतं भांडवल म्हणून बाजूला ठेव. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्या दिवशी कर. कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत छोट्या उद्योगाचे पैसे चुकते करावे लागतात. हे व्यापाऱ्याला माल पाठवण्याआधी सांग, नंतर भांडत बसू नकोस.

आणि एक. शेडमध्ये कुणाला हुद्दा सांगू नकोस. तू चार वर्षांत जे सोसलंस त्याचा मला अभिमान आहे. पण तिथं बारा तास उभा राहणारा विणकर तुझ्याहून वयानं वीस वर्षांनी मोठा असेल. त्याला अण्णा म्हण.

आलास की आठ दिवस आईजवळ राहा. मग सकाळी सातला माझ्या शेडवर ये. वर्षभर विणकराच्या मजुरीवर काम कर. माग घ्यायचं आपण त्यानंतर बोलू. येण्याआधी आजीकडून तुटलेल्या धाग्याची गाठ मारायला शिकून घे. पहिले पंधरा दिवस मी तुला तेवढंच काम देणार आहे.