खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं हिरवं केसाळ शेवाळ काही केल्या जात नाही. टेस्ट किटवर फॉस्फेट शून्य येतंय, मग कोणतं औषध टाकू?

तुमची टाकी १५० लिटरची, वर्षभर चाललेली. दोन क्लाउनफिश, थोडे मऊ प्रवाळ. दर आठवड्याला पाणी बदलता, तरी दगडांवर बोटभर लांब हिरवे केस. औषधाचं नंतर सांगतो. आधी त्या शून्याबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे.

फॉस्फेट म्हणजे शेवाळाचं खत, आणि किट फक्त पाण्यात उरलेलं फॉस्फेट दाखवतं. तुमच्याकडे ते उरतच नाही. सुटलं की शेवाळ जागच्या जागी शोषून घेतं. लाइव्ह रॉक, म्हणजे टाकीतले बॅक्टेरिया वसलेले सच्छिद्र दगड, हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि फॉस्फेट त्याला चिकटून बसतं. वर्षभर घातलेल्या खाद्यातलं बरंचसं तिथे साठलेलं असणार. पाण्यातलं प्रमाण घटलं की दगड ते पुन्हा सोडतो. म्हणून कितीही पाणी बदललं तरी चार दिवसांत पुन्हा तेच.

एक करून बघा. पंप बंद करा आणि मोठ्या सिरिंजने केसांच्या मुळाशी पाण्याचा जोरात फवारा मारा. तपकिरी ढग उठेल. खाद्याचा चुरा, माशांची विष्ठा असं सगळं त्या जाळीत अडकून कुजत असतं. शेवाळ आपलं खत असं स्वतःच धरून ठेवतं.

त्यामुळे पहिलं काम हाताचं, आणि त्याला पर्याय नाही. पाणी बदलताना एका हातात सायफनची नळी धरा, दुसऱ्या हाताने केस अगदी मुळाशी चिमटीत पकडून पीळ देत ओढा, आणि उपटलेला पुंजका लगेच नळीच्या तोंडाशी न्या. सुटलेले तुकडे दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतात. ज्या दगडावर प्रवाळ नाही तो बाहेर काढून, टाकीतूनच काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासा. नळाखाली मात्र धरू नका, त्यातले उपयोगी बॅक्टेरिया मरतील.

मग पाणी. घरच्या पिण्याच्या आरओचं वापरत असाल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात. उडालेल्या पाण्याच्या जागी तुम्ही रोज तेच भरता; वाफ निघून जाते, बाकीचं टाकीत साठत राहतं. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी जोडा आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय ते पाणी वापरू नका. फ्रोजन खाद्य गाळणीत वितळवून, सुटलेलं पाणी टाकून देऊनच घाला.

दगडात साठलेल्या फॉस्फेटसाठी जीएफओ, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे, फिल्टरमध्ये ठेवा. पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करा, एकदम फॉस्फेट घसरलं तर प्रवाळ कोमेजतात. हे महिन्यांचं काम आहे. सम्प (मुख्य टाकीला जोडलेली फिल्टरची वेगळी टाकी) असेल तर त्यात कीटोमॉर्फा हे फॉस्फेट शोषणारं शेवाळ लावून रात्री दिवा द्या. हे शेवाळ तुम्ही वाढवायचं आणि मूठ-मूठ काढून टाकायचं.

टर्बो गोगलगायी जरूर आणा, पण उपटून झाल्यावर. त्या आखूड शेवाळ खातात, लांब केसांकडे सहसा बघतही नाहीत. दुकानदार शेवाळ खाणारा टँग मासा सुचवेल. १५० लिटरमध्ये तो कोंडून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

आता औषध. आधी एक पुंजका पाण्यात पसरून नीट बघा. साधे धागे असतील तर वरचं सगळं पुरेसं आहे. मधोमध दांडी आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ते ब्रायोप्सिस. ते नुसतं उपाशी ठेवून सहसा जात नाही, आणि त्यावर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालतं. हौशी लोकांत रुळलेलं प्रमाण लिटरला ५ मिलिग्रॅम. दगड-वाळूची जागा सोडून तुमच्याकडे १२० लिटर पाणी धरलं तर ६०० मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. फिल्टरमधला कार्बन (तो औषध शोषून घेतो) आणि जीएफओ काढून ठेवायचे, साधारण दोन आठवडे थांबायचं, मग मोठा पाणीबदल करून कार्बन परत लावायचा. मेलेलं शेवाळ साठवलेलं सगळं पाण्यात सोडतं, म्हणून ते सडायच्या आत सायफनने काढत राहा.

केस विरळ झाले की किटवर फॉस्फेट दिसायला लागेल. घाबरू नका. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि शेवाळाचं दुसरं खत, नायट्रेट, ५ ते १० पीपीएम असेल तर जीएफओ कमी करा. दोन्ही शून्यावर दाबून धरलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स हे एकपेशीय सूक्ष्मजीव उठतात: तपकिरी, शेंबडासारख्या तारा, टोकाला हवेचे बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी पुन्हा हजर. तसं दिसलं तर जीएफओ पूर्ण काढा, पाणी बदलणं थांबवा आणि खाद्य थोडं वाढवा.