एसीएलचं (गुडघ्यातल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालेल्या पैलवानाने शरीरसंबंध कधीपासून ठेवावेत?

तुम्ही लिहिलंय: परभणीकडचा पैलवान, ऑपरेशनला ६ आठवडे, लग्न नवीन, आणि वस्ताद म्हणतात धातू गेला तर गुडघा भरणार नाही.

एका वेळच्या वीर्यात प्रथिन जेमतेम पाव ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम. तेवढ्याने लिगामेंट भरायचा राहत नाही. यात्रेच्या हंगामात ब्रह्मचर्य पाळायचं तर खुशाल पाळा, तालमीची शिस्त आहे ती. गुडघ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

गुडघ्याला भीती पिळाची. सहाव्या आठवड्यात सूज उतरते, दुखणं थांबतं, गडी बिनधास्त होतो. नेमका साधारण ६ ते १२ आठवडे ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेली नवी दोरी) सगळ्यात कच्चा असतो, कारण त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात. जखम सुकलेली, गुडघा पूर्ण सरळ होतोय, कुबडीशिवाय चालता येतंय आणि सर्जनची मनाई नाही, एवढं असेल तर जपून संबंध ठेवायला हरकत नाही.

तुम्ही पाठीवर झोपा, पत्नी वर. तिचा भार कमरेवर यावा, गुडघ्यावर नाही. पाय सरळ, बाहेरून उशीचा टेकू. गुडघ्याखाली उशी नको, त्या सवयीने तो पूर्ण सरळ व्हायचा राहतो. ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा) असेल तर लॉक करून ठेवा. गुडघे टेकणं आणि पाऊल रोवून अंग वळवणं सध्या बंद. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी (कंडरा) काढून ग्राफ्ट केला असेल तर टाच रुतवून कंबर उचलू नका, मागे चमक भरते. कुठे दुखतं ते पत्नीला आधीच सांगा, म्हणजे मध्येच थांबायला संकोच वाटत नाही.

खाली अंथरुणावर झोपत असाल तर पलंगाची सोय करा. प्रत्यक्ष संबंधापेक्षा जमिनीवरून उठताना गुडघा जास्त दुमडतो आणि वळतो. बाज मात्र नको. झोळात पाय वाकडा पडतो.

ताठरता येत नसेल तर आधी गोळ्यांची चिठ्ठी काढून बघा. ट्रामाडॉल या दुखण्याच्या गोळीने इच्छा मंदावते, वीर्यपतन लांबतं. नसांच्या दुखण्यावरच्या प्रिगाबालिनचंही तसंच होऊ शकतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. पहाटे ताठरता येत असेल तर बहुतेक वेळा अडचण काळजीची असते. ‘लवकर भरून येतं’ म्हणून जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर साफ नाही म्हणा: शुक्राणू बनणं थांबू शकतं, शिवाय डोपिंगमध्ये सापडाल.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर आठवडाभर थांबा. ‘कट्’ आवाज होऊन गुडघा निसटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी सर्जन गाठा. एकच पोटरी सुजून गरम झाली, दुखायला लागली, तर ती मालिश करून घेऊ नका. रक्ताची गुठळी असू शकते. सकाळची वाट न बघता दवाखाना. सोबत धाप लागली तर १०८ ला फोन.